दाराबाहेरच्या चपला

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला समोरच्या काकूंच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. त्यांच्याकडे कामाला असलेली मुलगी, असेल बाराएक वर्षांची, एकेक जोड जुळवून भिंतीशी लावत होती. स्वतः मात्र अनवाणी.

मी आत कोपऱ्यात बसले. अशा ठिकाणी मला बोलायला सुचत नाही, त्यामुळे सगळं ऐकू येतं.

"पळून नाही ना गं जात? आमची गेली," कुणीतरी काकूंना विचारलं.

"चप्पलच दिली नाहीये तिला, जाते कुठे!" काकू म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. "एजंटने गावाहून आणून दिली. एकदाच काय ते पैसे दिले, दर महिन्याची कटकट नाही. घरच्यासारखीच राहते हो."

त्यांनीच दिलेला तिळाचा लाडू माझ्या तोंडात होता. तो गिळवेना. बाहेरची घाण घरात नको म्हणून आपण चपला दाराशी काढतो. इथे घाण आत गालिच्यावर बसून अत्तर लावून घेत होती, आणि मी तिच्या मांडीला मांडी लावून.

निघताना पाहिलं, तर ती मुलगी माझ्या सँडलमध्ये पाय घालून लिफ्टकडे तोंड करून उभी होती. मला पाहताच तिने पाय काढले आणि फ्रॉकने सँडल पुसू लागली.

घरी येऊन मी लाडू बेसिनमध्ये थुंकून टाकला. परक्यांशी फोनवर बोलणं मला जमत नाही, तरी मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पत्ता सांगितला. पलीकडच्या बाईंनी मुलीचं नाव विचारलं. ते तिथे कुणीच घेतलं नव्हतं.

"अनवाणी आहे," मी म्हणाले.