पेवातला उजेड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली त्या आठवड्यात तिच्या उशाशी बसून सांगावं असं फार वाटलं — तरी नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते.

परवा सूनबाईने मोबाईलवरून चार्जिंगचे सेल मागवले, लिथियमचे. खोकं फोडून तिने दोन सेल माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाली, "मामा, तुम्ही एकेकाळचे सेलवाले, बघा बरं असली आहेत का." वर छापलेला आकडा भलामोठा आणि वजन रिकाम्या काडेपेटीचं. वेष्टनाची कड जराशी उचललेली, टोकाच्या पत्र्यावर वापरल्याचा बारीक ओरखडा. हातात येताच कळलं मला. "नकली आहेत. आत्ताच्या आत्ता परत पाठव," असं मी म्हणालो, पण ते इतक्या मोठ्याने की ती दचकून मागे सरली. एवढ्यातेवढ्यावरून मामा का ओरडले, हे तिला अजून कळलेलं नाही.

'नकली' — हाच शब्द मला एकदा म्हणायचा होता. वालूरला, माझ्या गावी, भर दुपारी. तेव्हा म्हणालो नाही.

पेठेत माझं घड्याळ-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नामांतराचे दिवस. बातम्या ऐकायला ज्याला त्याला ट्रान्झिस्टर चालू हवा, आणि शेताकडे जायला हातात बॅटरी. टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणत, आणि तिच्यात घालायचे ते सेल. त्या सुमारास बाजारात नकली सेल फार आले होते. वापरून फेकलेले सेल कुठेतरी गोळा व्हायचे, शेकले जायचे, खळीने नवा कागद चिकटवला की पुन्हा दुकानात. पहिली काही मिनिटं असा सेल असलीपेक्षा झगझगीत पेटतो. मग पिवळा, मग तांबूस, मग काही नाही.

ते ओळखावेत मीच. आसपासच्या गावांतून लोक सेल घेऊन यायचे. मी आधी तळहातावर तोलायचो, मग कानाशी हलवायचो. डोक्यावरच्या डांबराला नख लावून बघायचो, पितळी टोपीवर आधीच्या स्प्रिंगचा वण शोधायचो आणि शेवटी कागदाचा वास घ्यायचो, कारण खळीचा आंबूस वास लपत नाही. हे सगळं सावकाश, चार माणसं बघतायत अशा बेताने. मग निकाल. माझा शब्द म्हणजे शब्द. गर्व होता का? होता. दुसरं होतंच काय माझ्याजवळ?

त्या बघणाऱ्यांत सुदाम असायचा. थोड्या जमिनीचा शेतकरी, अंगाने काटक, आणि गावात पेवात उतरणारा तोच. त्याला माझ्या विद्येचं फार कौतुक. मी त्याला एक गोष्ट शिकवली होती — सेल विझला म्हणजे मेला असं नाही, दमलेला असतो. बटण बंद करायचं, एक चिलीम होईल इतकं थांबायचं, मग लावायचं. थोडा उजेड पुन्हा मिळतो. माझ्या फळीवर बसून तो हे करून बघायचा. उजेड परत आला की लहान मुलासारखा हसायचा आणि म्हणायचा, "अण्णा, ह्यो तर मेलेला उठून बसायलाय."

आता माझी फजिती ऐका. सेलूच्या बाजारात एक फिरता विक्रेता भेटला. हॉटेलात गावचे पाच जण बसलेले. त्याने खोक्यातला वरचा सेल माझ्या हाती दिला, मी त्या पाचांसमोर माझा सगळा खेळ केला, 'असली' म्हणालो, आणि खोकं उचललं. घरी येऊन बघतो तर वरचा थर तेवढा असली. खाली सगळे नकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं माझं झालं. पैशांचं दुःख नव्हतं हो. पण हे कुणाला सांगू? सेलवाल्या अण्णाला कुणीतरी सेलच नकली दिले — पेठ आठवडाभर हसली असती. खोकं मी गल्ल्याखाली सारलं. फेकून देऊ म्हटलं.

चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह होता. पंगतीसाठी पांढरीतलं, म्हणजे जुन्या गावठाणातलं, पेव उघडायचं ठरलं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. गळा एका माणसापुरता आणि पोट खोलीएवढं. कित्येक वर्षं ते उघडलेलं नव्हतं. आमच्याकडची रीत अशी, की पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी आत कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. दिवा गेला तर हवा खराब, मग कुणीही उतरायचं नाही, सख्खा बाप आत असला तरी.

पेव उघडल्याच्या दुसऱ्या सकाळी सुदाम दुकानात आला. आत कडब्याचा थर, कंदील नेता येत नाही, म्हणून त्याला बॅटरी हवी होती. असली सेल, त्या खोक्यातल्या वरच्या थरासकट, संपले होते. सप्ताहाच्या गर्दीने नेले. मी 'नाहीत' म्हणणार, तोच बाकावरचा एक जण — सेलूच्या हॉटेलातल्या पाचांतला — म्हणाला, "ते परवाचं खोकं काढा की, अण्णा."

मी काढलं.

सुदाम म्हणाला, "बघून द्या बरं का. पेवात उतरायचंय." आणि मी बघितले. तळहातावर तोलले, कानाशी हलवले, नख लावलं. सगळं केलं, एकही पायरी न गाळता. खळीचा वास थेट नाकात गेला. "असली," मी म्हणालो.

मनात म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम आहे. तेवढे टिकतील.

दुपारी मी पांढरीत गेलो. कशाला गेलो? खरं सांगतो — सेल किती टिकतात ते बघायला. कंदील आत सोडला होता, तो जळत वर आला. सुदाम दोराने उतरला. आत कोपऱ्यापर्यंत जायला त्याने कमरेचा दोर सोडला असणार. पेवाच्या गळ्यावर आतून उजेड हलताना दिसत होता. आधी पांढरा. मग पिवळा. मी मनातल्या मनात मिनिटं मोजत होतो. तांबूस झाला, आणि खालून काहीतरी खचल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ उजेड गेला.

"दिवा गेला," कुणीतरी म्हणालं.

बस. त्या दोन शब्दांनी माणसं मागे सरकली. दोर ओढला तर मोकळाच वर आला. घाईने कंदील पुन्हा सोडला; तो गळ्याच्या काठाला आपटला, विझला. आपटताना मी पाहिला, पण बाकीच्यांना विझलेलाच दिसला. हवा फिरली म्हणाले. सुदामचा धाकटा भाऊ आत उडी घ्यायला निघाला, त्याला चौघांनी धरलं. तो हातपाय झाडत होता. तेव्हा एक वाक्य पुरे होतं — अरे, बॅटरी हवेने विझत नसते, सेल नकली आहेत, मी दिलेत, सोडा त्याला. एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. आणि बाकावरचा तो माणूस माझ्या शेजारी उभा होता.

मग — आता काय सांगू — पेवात पुन्हा उजेड आला.

मंद, तांबडा, निखाऱ्यावर राख असते तसा. गळ्याच्या मातीवर हलला, थांबला, विझला. मग एक म्हातारी हळूच म्हणाली, "पेवानं घेतला त्येला. आता आणिक एक मागायलाय. कुनी जाऊ नगा." आणि लोक आणखी मागे गेले. भाऊसुद्धा झटापट करायचा थांबला.

एक चिलीम होईल इतका वेळ गेला. पुन्हा उजेड आला, पहिल्यापेक्षा कमी. बायका रामनाम घेऊ लागल्या. आणखी तेवढाच वेळ गेला, आणि तिसऱ्यांदा आला — काजव्याएवढा.

हवा खरंच बिघडली असेल, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. पण आपोआप पेटणारा सेल मी जन्मात पाहिलेला नाही. कुणीतरी बटण बंद करावं लागतं, थांबावं लागतं, मग लावावं लागतं. त्या सगळ्या गर्दीत हे एकट्या मला कळत होतं. खाली माणूस जिवंत होता. मी गप्प उभा राहिलो.

दिवस कलल्यावर, लिंबाच्या डहाळ्यांनी वारा घालून घालून, मग लोक उतरले. वरची ज्वारी धरून कवचासारखी झाली होती आणि खाली पोकळी; पाय पडताच ती खचली होती. सुदाम छातीपर्यंत आत गेला होता. ज्वारी अशी आवळते की हाक मारायलाही श्वास पुरत नाही. हात तेवढा वर होता. लोक हळहळले, पेवाच्या हवेने गेला म्हणाले. ते तसंच ठरलं, अजूनही तसंच सांगतात.

तेराव्याला त्याची बायको कौसाबाई दुकानात आली, बॅटरी पदराखाली घेऊन. म्हणाली, "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, अण्णा. त्यांचा तुमच्यावर लय जीव व्हता." मी घेतली. नको कसं म्हणणार? ती माझ्या ट्रंकेत आहे. मी तिचं झाकण कधी उघडलेलं नाही.

पण ती मी त्याच्या आधीही हातात घेतली होती. सुदामला वर काढलं तेव्हा त्याच्या मुठीतून ती मीच सोडवली. बोटं ताठ झाली होती, एकेक उकलावं लागलं. अंगठा बटणावर होता. बटण बंद होतं. सेलला विसावा देत होता तो, चौथ्यांदा लावायचं म्हणून — मी शिकवलं होतं तसं.