सहा लेकरं आणि माझं कन्फेशन

तुमसरला मिशनच्या सिस्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. आठवडाभर तिथे औषधांची खोकी असायची आणि रविवारी ती खोकी भिंतीला सरकवली की तेच आमचं चर्च. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा नकाशावरचा भंडारा निम्मा राहिला, पण आम्ही कॅथलिक मंडळी मुळात इतकी थोडी होतो की त्या वाटणीत कोणाच्या लक्षातही आलो नाही. फादर भंडाऱ्याहून पंधरा दिवसांतून एकदा यायचे. मधल्या रविवारी आम्ही आमच्याच प्रार्थना म्हणायचो.

मी नागपूरची. वडील रेल्वेत होते, घर पक्कं कॅथलिक. लग्न मात्र सिहोऱ्याच्या हिंदू शेतकरी घरातल्या मुलाशी केलं. नवरा तुमसरच्या राईस मिलमध्ये सुपरवायझर होता आणि मी एका खाजगी शाळेत दुसरीला शिकवत होते. एवढ्यावरून मोठ्या सिस्टरांनी ठरवून टाकलं की लेकरांच्या पहिल्या परमप्रसादाचा, म्हणजे फर्स्ट कम्युनियनचा, वर्ग मीच घ्यायचा. "तुम्हाला सगळं येतंच ना?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. चर्चचे सातही संस्कार एका दमात कधी आठवले नव्हते, दर वेळी एक कुठेतरी गळायचाच. पण सिस्टरांना "नाही" म्हणायची हिंमत तुमसरमध्ये कोणातच नव्हती.

दिवाळीनंतर वर्ग सुरू झाला. सहा लेकरं होती. दोन नर्सबाईंची, तीन मँगनीजच्या खाणीवर कामाला आलेल्या घरांतली, आणि सहावी आमच्याच मिलच्या वॉचमनची मुलगी. ही आठ वर्षांची होती, दोन घट्ट वेण्या, आणि कुठलीही गोष्ट तपासून घेतल्याशिवाय न मानण्याचा स्वभाव. पहिल्याच दिवशी मी "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" ही प्रार्थनेतली ओळ शिकवली, तर तिने हात वर केला.

"मॅडम, आमी तं भाकर खातच नाई. भात खातो."

"भाकर म्हणजे जेवण गं."

"मंग देवाले भातच मागू ना. त्यानं खरंच भाकरी पाठवल्या तं कोण खाईन?"

बाकीच्या पाचांना हे एकदम पटलं. त्या रविवारी सहा जणांनी डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावाने देवाकडे भात मागितला. दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

परमप्रसाद जिभेवर कसा घ्यायचा याच्या सरावासाठी सिस्टरांनी न मंतरलेल्या पातळ चकत्या दिल्या होत्या. नर्सबाईंच्या धाकट्याने एक खाऊन, "यात मीठ राह्यलं," असं सांगितलं. खाणीवरच्या एकाने सरावाच्या नावाखाली चार संपवल्या. इथवर सगळं ठीक चाललं होतं. गाडी अडली ती कन्फेशनच्या धड्यावर.

आपण काय चुकलो ते आठवायचं, त्याचं मनापासून वाईट वाटून घ्यायचं, फादरना सांगायचं आणि ते सांगतील ते प्रायश्चित्त करायचं, असं मी फळ्यावर लिहिलं. पाच जणांनी आपापली पापं लगेच जाहीर केली. भावाला चावलो, आईला उलटून बोललो, खोटं खोटं पोट दुखलं. वॉचमनच्या मुलीने मात्र आपलं राखून ठेवलं. वर्ग सुटल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, मी तलावातले शिंगाडे चोरले. ओढणीभर."

"बरं झालं सांगितलंस. आता त्याचं वाईट वाटतंय ना?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नाई. मले वाईटच नाई वाटून राह्यलं. लय गोड होते." मग लगेच, "वाईट नाई वाटलं तं सांगता येते का?"

पुस्तकात याचं उत्तर होतं, पण ते तिच्या डोळ्यांकडे बघत सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, फादरनाच विचार.

"तुमी विचारलं होतं का? तुमी कवा गेल्त्या कन्फेशनले?"

मी म्हटलं, घरी जा, आई वाट बघत असेल.

खरं सांगायचं तर मी चार वर्षांत गेले नव्हते. आणि चारच वर्षं माझ्या मोठ्या जाऊबाईंशी बोलत नव्हते. या दोन गोष्टींचा संबंध मला चांगला माहीत होता, म्हणून मी दोन्ही टाळत होते. भांडण कुकरवरून झालं होतं. पाहुणे येणार म्हणून त्यांनी माझा नवा कुकर सिहोऱ्याला नेला आणि परत दिला तेव्हा झाकण वाकलेलं होतं. मी ते बोलून दाखवलं. त्यावर जाऊबाई चार बायांसमोर म्हणाल्या, "नोकरीवाल्या बाईले भांडे जपता येते, माणसं नाई." तेव्हापासून सणावाराला नवरा एकटा सिहोऱ्याला जायचा आणि मला दर वेळी पेपर तपासायचे असायचे. दुसरीच्या वर्गाचे इतके पेपर महाराष्ट्रात कुठेही नसतील.

लेकरांच्या पहिल्या कन्फेशनचा दिवस आला. आमच्याकडे त्यासाठी फादर आत बसतात ती लाकडी पेटी नव्हती. दवाखान्यात पेशंट तपासताना लावतात तो हिरव्या कापडाचा पडदा आणायचा, अलीकडे स्टूल, पलीकडे फादरांची खुर्ची. सहाही जण बाकावर हातपाय आखडून बसले. कोणी पुढे जाईना. शेवटी वॉचमनची मुलगी म्हणाली, "मॅडम, पयले तुमी जा. आमी पाहतो."

सहा जोड्या डोळे माझ्यावर. सिस्टरही कौतुकाने मान हलवत होत्या. मी गेले.

फादर म्हातारे होते, केरळचे, पण मराठी पुस्तकासारखं शुद्ध बोलत. एकच अडचण होती. त्यांना कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे जगालाही कमी ऐकू येतं असा त्यांचा समज होता. मी जमेल तितक्या हळू पुटपुटले.

"किती वर्षं?" फादरांचा आवाज आला. "चार? कोणाशी? जाऊबाईंशी?"

मी आणखी हळू बोलले.

"कशावरून? कुकर? कुकरवरून?"

पडद्याच्या त्या बाजूला कोणीतरी गुदमरल्यासारखा आवाज काढला.

"नाताळच्या आधी त्यांच्या घरी जा आणि बोला. हेच तुमचं प्रायश्चित्त," फादर म्हणाले. हे तर बाहेर औषधाच्या रांगेतल्या बायांनीही ऐकलं असणार.

मी बाहेर आले तेव्हा सहाही जण माना खाली घालून इतक्या भक्तीत बुडाले होते की तसं आधी किंवा नंतर मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्यांची भीती पार गेली होती. मॅडमचं एवढं मोठं पाप पाहिल्यावर आपलं काय, असं वाटलं असावं. सगळे पटापट आत जाऊन आले. शिंगाड्यांचं काय झालं ते वॉचमनच्या मुलीने बाहेर येताच स्वतःच सांगितलं. फादर म्हणाले होते, वाईट वाटो न वाटो, ज्याचे घेतले त्याला एकदा भेटून ये.

पुढच्या रविवारी ती आली ती तोंड पाडूनच.

"गेली होतीस?"

"हाव. तो तलाववाला ढिवरबाबा हासला. म्हणे, पोरी, मागतले असते तं देल्ले असते. अन् अजून ओंजळभर देल्ले." "मॅडम, आता वाईट वाटून राह्यलं. ते मी खाल्लेच नाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने नाक पुसलं आणि विचारलं, "तुमी गेल्त्या का सिहोऱ्याले?"

"पेपर आहेत गं."

त्यानंतर दर रविवारी प्रार्थनेच्या आधी सहा तोंडांतून तोच प्रश्न. खाणीवरचा एक तर मला बाजारात भाजी घेताना पाहून पलीकडून ओरडला, "मॅडम, गेल्त्या का?" नाताळला दहा दिवस उरले तेव्हा मी एसटीत बसले. धर्माच्या ओढीने बसले असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी त्या सहा जणांना घाबरून बसले.

सिहोऱ्यात धान चुरायचे दिवस होते. जाऊबाई खळ्यावर सूप घेऊन धान उफणत होत्या. मला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"ये वं. उभी काहून?"

मी एसटीत घोकलेलं वाक्य म्हटलं. "जाऊबाई, मी माफी मागायला आले. त्या कुकरची."

"कोणत्या कुकरची?"

मी आठवण करून दिली. "हाव, तो. झाकण मायाच हातून वाकलं होतं. मीच सांगणार होती, तं तूच आधी बोलली, मंग मले राग आला." त्यांनी धानाची आणखी एक धार सोडली. "पण त्याले काय एवढं! माई माय मेली तवा तू नाई आली. भाऊजी एकटे आले. बाया विचारत होत्या, लहान जाऊ कुठी आहे. मी काय सांगू?"

त्या दिवशी मला नेमके कुठले पेपर तपासायचे होते, ते आठवायचा मी प्रयत्न केला. आठवलं नाही. चार वर्षं कुरवाळलेलं, फादरांना सांगितलेलं, सगळ्या दवाखान्याने ऐकलेलं ते पाप माझं नव्हतंच. माझं पाप दुसरंच होतं आणि ते मला या बाईने सांगेपर्यंत ठाऊकही नव्हतं. घोकून आणलेल्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं. मी तिथेच धानाच्या ढिगाशेजारी बसले आणि रडले.

जाऊबाईंनी मला रडू दिलं. मग पदराने स्वतःच्या तोंडावरचा भुसा पुसला. "आज कशी आठवण आली पण?"

मी लेकरांबद्दल सांगितलं. पडद्याबद्दल आणि फादरांच्या आवाजाबद्दलही. ते ऐकून त्या एवढ्या हसल्या की सुपातलं धान मातीत सांडलं. "म्हंजे तुले पोरायनं हाकलली! चल, चहा मांडते."

नाताळच्या आधीच्या रविवारी सहाही जणांचा पहिला परमप्रसाद झाला. नवरा जाऊबाईंना मोटारसायकलवर घेऊन आला. त्या डोक्यावर पदर घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. लेकरं पांढऱ्या कपड्यांत रांगेने पुढे निघाली तशा मला हळूच म्हणाल्या, "आपण नाई जायचं का?"

"त्यासाठी आधी वर्ग करावा लागतो, जाऊबाई."

"किती दिसाचा?"

"दोन महिने."

"नको वं," त्या म्हणाल्या. "मले धानं आहेत."

मिस्साची प्रार्थना संपल्यावर अंगणात फोटोसाठी सगळे जमले. मी फादरांशी बोलून बाहेर आले तर जाऊबाई वॉचमनच्या मुलीसमोर वाकून उभ्या होत्या. मुलीच्या केसांवरून घसरलेलं पांढरं जाळीचं कापड त्या आपल्या पदराच्या पिनेने नीट बसवत होत्या.

"हालू नको," त्या तिला दटावत होत्या, "नाई तं फोटोत वाकडी दिसशीन."

मुलगी श्वास रोखून, अगदी सरळ उभी होती.