मशीनची माफी

उजव्या हाताची तीन बोटं गेली, त्याच्या बाराव्या दिवशी मला मशीनची माफी मागावी लागली.

निजामाच्या राज्यातली, जालन्याच्या स्टेशनाजवळची जिन. कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनींच्या दोन रांगा आणि मधे अरुंद वाट. त्या वाटेत सगळ्यांना उभं केलेलं. बाया, बाप्ये, सगळे. माझ्या मशीनीवर गोमूत्र शिंपडलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं. सेठ म्हणाले, "तुझ्या रक्तानं मशीन बाटली. नारळ फोड आन् माफी माग. जल्दी कर."

तिथला तो रिवाजच होता. ज्याचा हात मशीनीत जाईल त्यानेच नारळ आणायचा, तोही पदरच्या पैशाने. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, म्हणून मी डाव्या हाताने आपटला. फुटला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मशीनबाई रुसली दिसती." लोक हसले. माझ्याबरोबर रोज भाकरी खाणारे लोक. तिसऱ्यांदा फुटला. मी मशीनीपुढे वाकलो आणि म्हणालो, माझी चूक झाली.

कोणती चूक? कापूस अडकला की मशीन चालू असतानाच तो हाताने ओढून काढायचा, हा सेठचाच हुकूम होता. पट्टा उतरवून मशीन थांबवली की मुनीम अर्ध्या दिवसाची मजुरी कापायचा. फिरत्या रुळावर हात अडवणारी आडवी फळीसुद्धा नव्हती.

मग मुनीमाने एक उर्दू कागद पुढे केला. बोटं तीन गेली होती. अंगठा राहिला होता. त्यांना तेवढाच लागणार होता.

इथे मी सौदा केला. लपवत नाही. टेंभुर्णीच्या बाजारात मिरच्या विकत मी मोठा झालो. समोरच्याला घाई असली की भाव चढवायचा, एवढं मला कळत होतं. कागदाची घाई सेठना होती. मी म्हणालो, अंगठा देतो, पण मला फाटकावरचं मुकादमाचं काम द्या. त्यांनी दिलं. घरी जाताना मला वाटलं, आपण जिंकलो.

मुकादमाचं काम म्हणजे रोज सकाळी फाटकावर पितळी बिल्ले वाटायचे. बिल्ला मिळाला त्याला त्या दिवसाचं काम. नाही मिळाला त्याने आल्या वाटेने परत जायचं. जन्म तिथे घालवलेल्या माणसालाही उद्याचा भरवसा नव्हता. सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे लागायचे आणि मला ते आवडायचं. हेही लपवत नाही. असे चार हंगाम गेले. तेवढ्या काळात नाक्यावरच्या एका मौलवींकडून उर्दू वाचायला-लिहायला शिकलो. पुन्हा कुणी मला न कळणारा कागद पुढे करू नये म्हणून.

पाचव्या हंगामात गयाबाईचा हात गेला. डावा, मनगटापासून. केदारखेड्याची विधवा बाई, कामाला वाघीण. बाराव्या दिवशी ती स्वतःच नारळ घेऊन फाटकावर आली. मला म्हणाली, "दादा, मागते मी माफी. धा बार मागते. पन उद्या बिल्ला देताल ना?"

एका हाताच्या बाईला बिल्ला द्यायचा नाही, हे मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात मुनीमाने आत बोलावून हातात एक कागद दिला. म्हणाला, याच्यावरून त्या बाईचा कागद उतरवून काढ. फक्त नाव बदल.

तो माझा कागद होता. मी तो पहिल्यांदाच वाचला. त्यात लिहिलं होतं, मशीनीत काही दोष नव्हता. माझ्याच गाफीलपणामुळे इजा झाली. माझा किंवा माझ्या वारसांचा मालकावर कसलाही दावा नाही. हाताळून हाताळून त्याचे कोपरे काळे पडले होते. माझ्यानंतर ज्यांचे हात गेले त्या सगळ्यांचे कागद याच्यावरूनच उतरवलेले. आणि त्यांना फाटकावरून परत पाठवणारा मी. कसला जिंकलो होतो? मी साचा झालो होतो.

डोकं फिरलं. बाहेर येऊन लोकांना तो कागद मराठीत सांगितला, शब्दन् शब्द. म्हणालो, आज बिल्ला कुणालाच नाही. आज जे हसून बघतील त्यांचा कागदही याच्यावरूनच निघणार. कुणी हललं नाही. मग गयाबाईच्या हातातला नारळ घेतला आणि नेऊन सेठच्या गादीवर ठेवला.

"बाई माफी मागनार न्हाई. तुम्ही मागा तिची."

सेठ आवाज न चढवता म्हणाले, "तुला माणसात आणलं मी."

"तीन बोटं देऊन आलो. फुकट न्हाई आलो."

बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली आणि आभाळ भरून आलेलं. घाई पुन्हा त्यांनाच होती. लोक फाटकाबाहेरच बसले. आमच्या मागण्या तीन. रुळावर फळी. हात बरा होईपर्यंत मजुरी. आणि जखमी माणसाचं काम कायम. दुसऱ्या दिवशी सेठनी मला एकट्याला आत नेलं आणि मुनीमाच्या शेजारी गादी देऊ केली. या वेळी मी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी कबूल केल्या. फळ्या बसवू, गयाबाईला एका हाताने होईल ते निवडण्याचं काम देऊ, कायम. मजुरीचं नाव काढू दिलं नाही. मला काढून टाकलं. ते मी चालवून घेतलं.

गयाबाई हळूच म्हणाली होती, लिहून घ्या दादा. पण मला कागदाची शिसारी आली होती. मी तिच्यावरच खेकसलो. लोकांसमोर दिलेली जबान बस आहे, म्हणालो. जन्मभर सौदे केलेला माणूस मी.

पुढच्या दसऱ्याला जिन सुरू झाली तेव्हा फळ्या काढलेल्या होत्या. फळ्यांमुळे काम हळू होतं म्हणे. गयाबाई फाटकाबाहेर उभी राहिली. नव्या मुकादमाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तिथून ती थेट माझ्या घरी आली. रडली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमचा राग तुमाला परवडला, दादा. मला न्हाई परवडला."

आता मी एका जिनेवरून दुसऱ्या जिनेवर फिरतो. मागण्या उर्दूत लिहितो, मराठीत लिहितो आणि ज्यांच्यासाठी लिहितो त्यांना वाचून दाखवतो. निजाम राहणार की जाणार, यावर पारापारावर वाद चालू आहेत. राज्य कुणाचंही येवो. रोज सकाळी माणसाला फाटकावर दीनवाणं उभं राहावं लागणार असेल, तर ते राज्यही मला सेठचंच.

हंगाम तोंडावर आला आहे. आमचं पहिलं कलम गयाबाईचं काम. दुसरं, जखमेच्या दिवसांची मजुरी. तिसरं, रुळावर फळ्या. सेठ तिन्हींखाली सही करत नाहीत तोवर एकही माणूस आत जाणार नाही. बोलणी करायला मला एकट्याला बोलावलं तर मी जाणार नाही. गयाबाई पुढे चालेल, मी तिच्या मागे. माझा भाव इथून सुरू होतो, आणि खाली उतरणार नाही.