तीन बिंदूंचे अपील

परीक्षकांचा अहवाल हातात घेऊन मी खोलीत येरझारा घालत होतो. वैशाली खुर्चीच्या कडेवर बसली होती. "प्रमुख प्रमेय असत्य आहे, सबब प्रबंध नामंजूर करावा," एवढाच शेरा, आणि खाली एक प्रतिउदाहरण. वैशाली लांजीच्या एका कॉलेजात गणिताची अतिथी विद्वान, म्हणजे कधीही घरी बसवता येणारी शिक्षिका. नियमित पदाची मुलाखत तोंडावर आली होती आणि पीएचडी नसेल तर प्रवेश नव्हता. मी निवृत्त प्राध्यापक, तिचा गाइड.

मी बालाघाटहून विद्यापीठातील विभागप्रमुखांना फोन लावला.

"सर, फिर से लेटर मत लिखिए. करेक्शन करवा दीजिए, बात खतम."

"कशाचे करेक्शन? गुन्हा कोणता, ते आधी सांगा."

"आपका तो हर बात में कोर्ट हो जाता है!"

मी फोन ठेवला.

प्रकरण समजायला सोपे आहे. मॉड्यूल म्हणजे अशी रचना, जिच्यातील घटकांची बेरीज करता येते आणि त्यांना ठरावीक गुणकांनी गुणता येते. ग्रेडेड मॉड्यूलमध्ये घटक प्रतवारीने लावलेले असतात, राइस मिलमध्ये प्रत्येक प्रतीचा ढीग वेगळा असतो तसे. त्यातील काही पोटभागांना प्राइम म्हणतात. असा प्रत्येक पोटभाग एक बिंदू मानला, की सर्व बिंदूंचा मिळून स्पेक्ट्रम होतो. त्यावर टोपॉलॉजी देणे म्हणजे कोणते समूह 'बंद' म्हणायचे, याचा कायदा करणे. त्या कायद्याची एक अट अशी, की दोन बंद समूह जोडले तर जोडही बंदच राहिला पाहिजे.

हा कायदा दोन पद्धतींनी करतात. पहिल्या पद्धतीत एक पोटभाग घ्यायचा आणि तो ज्या ज्या प्राइममध्ये मावतो, ते सगळे मिळून एक बंद समूह मानायचा. दुसऱ्या पद्धतीत पोटभागाऐवजी गुणक पाहायचे: सबंध मॉड्यूलला त्या पोटभागात ढकलणारे सर्व गुणक ज्या प्राइममध्येही ढकलतात, ते एकत्र करायचे. पहिल्या पद्धतीत जोडणीची अट कधी कधी मोडते, दुसरीत कधीच नाही. वैशालीने दुसरी पद्धत प्रकरण एकमध्ये स्वच्छ नमूद केली होती. परीक्षक सरळ प्रकरण तीनमधील प्रमुख प्रमेयावर, म्हणजे जोडणीची अट नेहमी पाळली जाते या दाव्यावर गेले आणि पहिल्या पद्धतीने निकाल देऊन मोकळे झाले.

आरोप एका कलमाचा आणि शिक्षा दुसऱ्या कलमाची! मी पत्र लिहायला बसलो. "व्याख्या न वाचता प्रमेयावर शेरा मारणे हा परीक्षकाच्या कर्तव्याचा भंग आहे," हे वाक्य झाले आणि मला जरा बरे वाटले. वैशाली मात्र कागदावर काहीतरी मांडत होती.

"सर, थांबा जरा. पत्र नका पाठवू."

"काहून?" संतापलो की मीही घरच्या बोलीवर येतो.

"त्याइचं उदाहरण मी आपल्या व्याख्येत टाकून पाह्यलं."

"जोडणी मोडली?"

"नाही, जोडणी ठीक हाय. दुसरंच मोडून राह्यलं."

उदाहरण साधे होते. एक प्रतल घ्या, गुणक म्हणून साध्या संख्या. त्याचा आडवा अक्ष एका प्रतीत, उभा दुसऱ्या प्रतीत. तिथे प्राइम तीनच: आडवा अक्ष, उभा अक्ष आणि नुसते शून्य. परीक्षकांच्या पद्धतीत दोन्ही अक्षांचा समूह बंद करायला जावे, तर शून्यही आत शिरते. म्हणून जोडणी मोडते. आमच्या पद्धतीत संपूर्ण प्रतलाला या तिघांपैकी कोणातही ढकलणारा गुणक शून्याखेरीज दुसरा नाही. तिघांचे गुणक तेच. म्हणजे आमच्या कायद्याला ते तीन बिंदू वेगळे दिसतच नव्हते. आणि प्रकरण चारमध्ये आम्ही ठामपणे लिहिले होते, की कोणतेही दोन बिंदू या टोपॉलॉजीने वेगळे ओळखता येतात.

"हे वाक्य कुठून आलं?"

"पहिल्या पद्धतीवरच्या पेपरातून. तिथं ते खरं हाय. मी उचललं, तुम्ही सही केली. हौ का नाही?"

मी पुन्हा येरझारा सुरू केल्या. "परीक्षकाने तो मुद्दा काढलेला नाही. अपिलात समोरच्याने न काढलेला मुद्दा आपण काढत नसतो."

"सर, मले डिग्री भेटंन. पण ते तीन बिंदू तिथंच राह्यतीन न?"

"आणि मुलाखत?"

तिने प्रकरण चारची पाने समोर ओढली. मग म्हणाली, "मुलाखत जाईन, मले मालूम हाय."

तिने प्रकरण चार नव्याने लिहिले: वेगवेगळ्या प्राइमचे गुणक वेगवेगळे असतील, तर आणि तरच बिंदू वेगळे ओळखता येतात. दोन्ही बाजूंची सिद्धता दिली. माझे पत्रही गेले. पहिल्या परिच्छेदातील एक शब्दही मी कमी केला नाही. दुसऱ्यात आमची चूक आम्हीच नोंदवली. फेरतपासणी होईपर्यंत मुलाखत उरकली होती. त्या पदावर दुसरे कोणी रुजूही झाले.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिला तेच तीन बिंदू फळ्यावर मांडायला लावले. तिने मांडले, आणि प्रबंध मंजूर झाला. चहा घेताना ते मला म्हणाले, "तुमच्या पत्राचा पहिला परिच्छेद फार कडक होता."

"दुसरा वाचलात?"

"तो वाचला, म्हणून पहिला सोसला."

अपील दाखल करण्यापूर्वी समोरच्याचा पुरावा स्वतःवर चालवून पाहावा, एवढे मी यातून शिकलो. वैशाली अजून अतिथी विद्वानच आहे. पुढची जाहिरात का निघत नाही, याविषयी संबंधितांना माझे लिहिणे सुरू आहे.