दीपमालाच्या वहीतली चार पानं

चारुशीलाबाई मूळच्या तुळजापूरच्या, पुजाऱ्यांच्या घरातल्या. बेंबळीच्या पुढं एका गावात एकोणीस वर्षं इतिहास शिकवत होत्या. मराठवाडा मुक्तिसंग्रामाबद्दल पुस्तकात जेमतेम काही ओळी, म्हणून सतरा सप्टेंबरच्या आधी त्यांनी सातवीच्या पोरांना सांगितलं, "घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, रझाकारांच्या काळात आपल्या गावात काय झालं. सांगतील तसं लिहून आणा."

दीपमालानं पणजीला, धुरपदाबाईला विचारून चार पानं लिहून आणली. बाईंनी ती आधी नजरेखालून घालायला हवी होती. पण पोरगी उतावीळ झालेली. "वाच मोठ्यानं," त्या म्हणाल्या.

धुरपदाबाई तेव्हा नऊ वर्षांची. आईनं तिला ज्वारीच्या कणगीत दडवलेलं. बाप मळ्यातल्या विहिरीत, कपारीला. ही जागा गावात एकालाच ठाऊक होती, आणि त्यानंच ती दाखवली. रझाकारांनी बापाला विहिरीवरच गोळी घातली. शेवटी दाखवणाऱ्याचं नाव होतं.

तिसऱ्या बाकावरच्या उत्कर्षनं मान खाली घातली. ते त्याच्या पणजोबांचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी उत्कर्षचे वडील रणधीर पाटील हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले. शाळा समितीचे अध्यक्षही तेच. आवाज चढवला नाही त्यांनी. "बाई, पोरगं दोन घास खाईना झालंय. हे खोटं हाय म्हणून वर्गात सांगा. न्हायतर लई जड जाईल." हेडमास्तर टेबलाकडं बघत राहिले.

बाई तशाच धुरपदाबाईकडं धावल्या. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत होती.

"आज्जी, तुम्ही सांगितलं ते खरं आहे, एवढंच म्हणा. बाकी मी निस्तरते."

"नातू पाटलांच्याच ट्रॅक्टरवर हाय, बाई. म्या काय बी सांगितलं न्हाय. पोरीनं मनानं लिवलं."

"आज्जी, तुमचा बाप होता तो!"

म्हातारीनं तोंड फिरवलं. शेंगा फोडायची मात्र थांबली नाही.

मग बाई वर्गात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "परवा वाचलं ते ऐकीव होतं. त्याला पुरावा नाही." वही मागून घेऊन चारी पानं त्यांनी आपल्या हातानं फाडली. दीपमाला रडली नाही. पण त्यानंतर इतिहासाच्या तासाला तिनं कधी हात वर केला नाही.

दिवाळीनंतर उत्कर्षला धाराशिवच्या शाळेत घातलं. दाखला न्यायला आला तेव्हा व्हरांड्यात बाईंना गाठून त्यानं हळूच विचारलं, "बाई, ते खरं होतं का?"

बाईंनी बाहेर पाहिलं. वडील फाटकाशी गाडीत बसले होते.

"पुस्तकात तसं काही नाही, बाळा."

"व्हय बाई," म्हणून तो निघून गेला.

जूनमध्ये बाईंनी अर्ज केला, इतिहास काढून भूगोल द्या म्हणून. इतिहासाला दुसरं कुणी नव्हतं, अर्ज परत आला. त्या अजून सातवीलाच शिकवतात.