लेप खराब करणारी माणसं

पेपर छापून यायला वर्ष लागतं, किस्सा चहा येईपर्यंत तयार होतो. त्यामुळे परभणीच्या आमच्या लॅबमध्ये पेपर मोजके आणि किस्से ढीगभर!

आमचं काम सोपं आहे. विमानाच्या इंजिनातल्या पात्यांना उष्णतेपासून वाचवायला सिरॅमिकचा लेप देतात. इंधनातून आलेले क्षार वितळले की तो लेप खातात. आम्ही लेपावर मुद्दाम क्षार टाकतो, भट्टीत नऊशे डिग्रीला तापवतो आणि लेप किती खराब झाला ते बघतो.

*

हे सगळं मी पूर्णेला राहणाऱ्या माझ्या मामांना समजावून सांगितलं.

"म्हंजी चांगली वस्तू घ्यायची अन् खराब करायची?"

"हो."

"त्याचे पैसे भेटतेत?"

"फेलोशिप भेटते."

"मंग आमच्या बंड्याला लावून घे. तो फुकट करायलाय!"

*

आमच्या सरांना बंगळुरूच्या कॉन्फरन्सवाले विमानाचं तिकीट देत होते. सर रेल्वेनेच गेले, तेही वेटिंगवर.

"सर, विमानाला काय झालं?"

"काही नाही. पण तो लेप मी जवळून बघितलाय."

*

वर्षा माझ्याबरोबर पीएचडी करते. तिने लेप दिलेले धातूचे तुकडे क्षाराचं पाणी मारून खिडकीत वाळत ठेवले होते. कुणाची तरी शेळी आली आणि सगळे चाटून गेली. हाच क्षार जुलाबाच्या औषधात असतो!

सरांनी विचारलं, "लेपाला काही झालं?"

"नाही सर."

"शेळीला?"

"लय झालं, सर."

"लेप टिकाऊ आहे. लिहून ठेवा."

वर्षाच्या घरी, चारठाण्याकडे, शेळ्यामेंढ्याच आहेत. ती दिवसभर सरांशी बोलली नाही.

*

आणि हा वर्षाचा शेवटचा तुकडा. लेप नवा, तिने स्वतः बनवलेला. आधीचे सगळे फुटले होते. हाही फुटला तर प्रबंध पहिल्यापासून, आणि फेलोशिप संपत आलेली. पोरगी एवढी वर्षं करते तरी काय, हे बघायला तिचे वडीलही आले होते.

भट्टी ठरल्याप्रमाणे निवत आली. डिस्प्लेवर तीनशे डिग्री आले. सरांनी जाड हातमोजे चढवले, लांब चिमट्याने तुकडा काढून विटेवर ठेवला. पांढराशुभ्र! एक तडा नाही! वर्षा रडायलाच लागली. सर पेपरचं नाव सांगू लागले.

तेवढ्यात वडिलांनी कौतुकाने तो तुकडा हातात उचलला.

"आबा, टाका ते! तीनशे डिग्री हाय!" वर्षा किंचाळली.

आबांनी तुकडा या हातातून त्या हातात घेतला, गालाला लावून बघितला.

"न्हाई गं बाई. गार हाय की. भट्टी चालू केली व्हती ना?"