क्रुसाची बाजू

काका संध्याकाळी थैली घेऊन येणार होते आणि दुपारपासूनच माझं डोकं फिरलं होतं. आमच्या भुईगावच्या चर्चमध्ये मरियामातेला चांदीचा मुकुट करायचं ठरलं होतं. घरोघरची जुनी चांदी गोळा करून वितळवायची, आणि गोळा करणाऱ्यांत काका सगळ्यांत पुढे. आईने तुटकी साखळी, आमचे लहानपणीचे वाळे काढून ठेवले होते. शेजारी बाबांचं नाणंही.

बाबा बोटीवर नोकरीला होते. विलायतेच्या एका बंदरात त्यांनी ते रस्त्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडून घेतलं. हातोड्याने ठोकून पाडलेलं, सातशे वर्षांपूर्वीचं, असं ते छाती फुगवून सांगत. आणि काका, त्यांचे धाकटे भाऊ, दर सणाला म्हणत, "दादाला गोऱ्याने उल्लू बनवला." बाबा गेले तरी काकांचं हे पालुपद सुरूच. मला नाण्यांचा नाद लागला तो बहुधा याच रागातून. पण नेमकं हे नाणं मी कधी भिंगाखाली धरलं नव्हतं. खोटं निघालं तर? सरळ सांगतो, भीती वाटायची.

"आता बघून सांग," आई म्हणाली, "खरं हाय का खोटं."

खरं ठरलं तर ते वितळण्यातून वाचणार, असं मी धरून चाललो.

काका आले, खुर्ची ओढून माझ्या समोरच बसले. मी दिवा जवळ घेतला, राजाच्या चेहऱ्याची बाजू वर केली. डोळे नाहीत, नाक नाही. कडेने राजाचं नाव असतं; एकाच नावाचे राजे लागोपाठ झाले, म्हणून ते किती अक्षरांत लिहिलंय यावरून राजा ओळखतात. तिथे सगळं गुळगुळीत.

"हे काय झालं?"

"नाताळ आला की घासते ना, चिंच न् राख लावून. चांदी काळी ठेवायची काय?"

"अगं, कोणी सांगितलं होतं घासायला!" मी आईवर ओरडलोच.

काका हसले. "अक्षरं होती तरी का कधी? चल, टाक थैलीत."

मी नाणं उलटलं. या बाजूला काठापासून काठापर्यंत लांब क्रूस, त्याच्या चारही कोपऱ्यांत तीन-तीन ठिपके आणि भोवती अक्षरं. स्वच्छ, ठसठशीत.

"ही बाजू नाही घासलीस?"

"क्रुसाला राख कशी लावू रे? मुका घ्यायची, झालं."

कोणी कड कातरून चांदी चोरली तर कळावं म्हणून टांकसाळीने तो क्रूस काठापर्यंत नेलेला. आईला काय त्याचं!

मी एकेक अक्षर बघत गेलो. त्या काळचे कारागीर ठशावर अक्षर सलग कोरत नसत. रेघेची, चंद्रकोरीची अशा बारीक छिन्न्या ठोकून ते जोडत. ओतीव नकलेत हे सांधे विरघळतात, कडा मऊ होतात, बारीक भोकं पडतात. इथे उभ्या रेघांची टोकं पाचरीसारखी फाकलेली होती आणि सांधा न् सांधा दिसत होता. भोक एकही नाही. क्रुसाभोवती फिरत मी लॅटिन शब्द वाचले: लंडन शहर.

"खरं आहे," मी म्हणालो. "राजा कोणता ते गेलं. पण बाबा खरं बोलत होते."

काकांनी भिंग मागितलं, बराच वेळ डोळ्याला लावून बसले आणि नाणं आईच्या हातात दिलं. मला इतकं बरं वाटलं की उठून त्यांच्यासाठी चहा ठेवावा असं मनात आलं.

आईने क्रुसाचा मुका घेतला आणि नाणं थैलीत टाकलं.

"आई!"

"खोटं असतं तर कुठं देनार होती मी? मरियामातेला खोटं द्यायचं काय? म्हनून तर तुला बघायला लावलं."

मी खोटं आहे म्हणालो असतो तर ते घरातच राहिलं असतं. काकांनी थैलीचं तोंड बांधलं. दादाचं नाव काढलं, पण या वेळी हसले नाहीत.